जहाजाचे तिकीट स्वस्त, किनारा महाग?
समुद्रसफरीत किनाऱ्यावरचा खर्च कसा आवरावा

आपल्या विदर्भातील माणसाला समुद्र तसा दूरचाच. उमरेडहून नागपूर तासाभरावर, आणि नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या पुढे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत जहाज म्हटले की एकच जहाज डोळ्यांपुढे यायचे, हजचे. मुंबईहून जिद्द्याला समुद्रमार्गे हाजी नेण्याची पद्धत १९९५ साली बंद झाली आणि त्यानंतर जहाज हा विषयच घराघरांतून संपला. आता तो वेगळ्या रूपाने परत आला आहे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करते आणि पावसाळ्यात चेन्नईकडून श्रीलंकेला जाते. नागपुरातील ट्रॅव्हल्सच्या दुकानांत त्याच्या पाट्या लागल्या आहेत. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, शिक्षक, छोटे व्यापारी असे लोक चौकशी करू लागले आहेत. काही भिशीचे पैसे उचलून जातात, काही हप्त्यांवर.

चौकशीला गेलेला माणूस तिकिटाचा आकडा ऐकून बहुतेक खूश होतो. राहणे, दोन वेळचे जेवण, नाश्ता, संध्याकाळचे कार्यक्रम सगळे त्यात धरलेले असते. मग हळूहळू दुसरी यादी पुढे येते. बंदर शुल्क, जीएसटी, कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी, इंटरनेट, काही खास हॉटेलांतले जेवण. आणि या यादीतली सर्वांत मोठी रक्कम असते 'शोअर एक्सकर्शन'ची. जहाज ज्या बंदरात थांबते तेथे उतरून शहर पाहण्याची जी सहल जहाज कंपनी किंवा एजंट विकतो, तिला हे नाव आहे. आपण तिला किनारा-सहल म्हणू.

ही सहल माणशी विकली जाते, गाडीमागे नाही. सारा खेळ याच एका गोष्टीत आहे. एकट्या-दुकट्याला ती परवडते. आपली कुटुंबे मात्र पाच-सहा जणांची असतात, सोबत एखादी खाला किंवा फुफी असतेच. तिथे गणित बिघडते. हिशोब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. समजा एका बंदरातील सहल माणशी अडीच हजार रुपयांची आहे. सहा माणसांचे झाले पंधरा हजार. तेच शहर सहा जण एक मोठी टॅक्सी दिवसभरासाठी ठरवून पाहतील, तर समजा चार हजार लागतील. बस किंवा फेरीबोटीने फिरतील तर काही शेकड्यांत भागेल. अशी दोन-तीन बंदरे धरली तर फरक एका माणसाच्या अख्ख्या तिकिटाइतका होऊ शकतो.

एका माणसाचे तिकीट

हे आम्ही हवेत बोलत नाही. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून कोची आणि लक्षद्वीपला जायचे ठरवले तेव्हा घरातले पाच जण होते, आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. चौघांची एक केबिन आणि अम्मींची वेगळी. जहाजावर केबिनचा दर दोन माणसे धरून लावलेला असतो. एकटा माणूस राहिला तर त्याला जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. म्हणजे अम्मींच्या खोलीतील दुसऱ्या पलंगाचे पैसे आम्ही भरणारच होतो, तो पलंग रिकामा जाणार होता.

अम्मींची धाकटी बहीण, आमच्या खाला, उमरेडमध्येच शिवणकाम करतात. शोहर जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांना न्यावे असे सर्वांच्या मनात होते, पण रेल्वेचे भाडे, बंदर शुल्क, त्यांच्या वाट्याचा जादा खर्च असे मिळून जी रक्कम होत होती ती आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हती. एजंटने आमच्यापुढे ठेवलेल्या कागदावर किनारा-सहलींची रक्कम आधीच मांडलेली होती. "ती घ्यावीच लागते, नाहीतर उतरू देत नाहीत," असे त्याने सांगितले. आम्ही जहाज कंपनीच्या चौकशी क्रमांकावर फोन लावला. उत्तर मिळाले की कोचीला प्रवासी आपल्या मर्जीने उतरू शकतो, सहल घेणे सक्तीचे नाही. कागदावरून कोचीची सहल काढली, आणि खालांचा खर्च त्यात बसला.

म्हणून पहिली गोष्ट हीच. एजंटने दिलेल्या एकूण आकड्यावर सही करू नका. प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. कोणती सक्तीची, कोणती ऐच्छिक, हे कंपनीकडून स्वतः विचारून घ्या.

बंदर पाहून सफर निवडा

घर घेताना आपण बाजार, शाळा, मशीद किती लांब ते पाहतो. सफर घेतानाही बंदरापासून शहर किती लांब ते पाहावे. जहाज शहराच्या मधोमध लागत असेल तर पायी फिरूनही दिवस सार्थकी लागतो. बंदर लांब असेल तर गाडीशिवाय इलाज नाही.

मुंबईचेच पाहा. प्रवासी जहाजे बॅलार्ड पिअरला लागतात. नागपूरहून दुरांतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरले की बंदर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. दादर किंवा कुर्ल्याला उतरणारी गाडी घेतली तर सामानासह टॅक्सीचे भाडे उगाच वाढते. मात्र जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी उशिरा आली तर धडधड होते. आम्ही एक दिवस आधी गेलो आणि एका नातेवाइकांकडे मुक्काम केला. ज्यांचे मुंबईत कोणी नाही त्यांनीही एका रात्रीच्या साध्या लॉजचा खर्च धरावा. तो वाचवण्यासारखा नाही.

परदेशी सफरींनाही हाच नियम. आपल्याकडचे अनेक जण सिंगापूरहून निघणारी सफर घेतात. तिच्या वाटेत पेनांग लागले तर समजा नशीब चांगले. जहाज जॉर्ज टाउन शहरालाच लागते. तेथून भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केलेली कपितान केलिंग मशीद चालत गाठता येते, आणि जुन्या शहरात फिरणारी सरकारी मोफत बसही आहे. त्याच देशातील पोर्ट क्लांग मात्र उलटे. क्वालालंपूर तेथून तासाभराहून लांब पडते. कोलंबोला बंदराबाहेर पडले की पेटा बाजार आणि त्यातील लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद जवळच आहे. अबू धाबीत जहाज थांबले तर शेख झायेद मशिदीत प्रवेश मोफत असतो, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. टॅक्सी मीटरने चालते. अशा ठिकाणी माणशी सहल घेणे म्हणजे मोफतची गोष्ट विकत घेण्यासारखे आहे.

कोची: दोन बोटींचे तिकीट आणि दोन पाय

आपल्या देशातील बंदरांपैकी स्वतःच्या बळावर फिरायला कोचीइतके सोपे दुसरे नाही. जहाज विलिंग्डन बेटावर लागते. हे बेट निसर्गाने दिलेले नाही. बंदर खोल करताना काढलेल्या गाळातून ते इंग्रजांच्या काळात तयार करण्यात आले. मुलांना हे सांगितले की ती पायाखालच्या जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

बेटावरून मट्टनचेरी आणि फोर्ट कोची या जुन्या वस्त्यांकडे जायला रस्ता आहे, पण तो वळशाचा. पाण्यातून अंतर थोडेच. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या फेरीबोटी आहेत, ज्यांचे तिकीट चहाच्या कपाइतके असते. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये कोची वॉटर मेट्रो सुरू झाली. या विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मट्टनचेरी आणि विलिंग्डन बेटावरही तिची स्थानके उघडली. तिकीट काही दहा रुपयांतच असते. व्हीलचेअर आत नेता येते, म्हणून अम्मींच्या गुडघ्यांनाही त्रास झाला नाही. खरे सांगायचे तर मुलांना मोठ्या जहाजापेक्षा हीच बोट जास्त आवडली.

मट्टनचेरीला उतरले की सगळे चालण्याच्या टप्प्यात येते. मसाल्याची जुनी गोदामे, मिरी-वेलदोड्याचा वास. भिवापूर-उमरेडच्या मिरची बाजारात वाढलेल्या माणसाला तो बाजार घरचा वाटतो. मिरची पोर्तुगीजांनी समुद्रमार्गे भारतात आणली आणि काळी मिरी न्यायला ते आले, हे तेथे उभे राहून मुलांना सांगता आले. पाठ्यपुस्तकातला एक पूर्ण धडा त्या गल्लीत होता. जवळच डच पॅलेस म्हणून ओळखला जाणारा राजवाडा आहे. नाव डच, पण बांधला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात, आणि दिला कोचीच्या राजाला. तिकीट अगदी किरकोळ. त्याच्या शेजारी १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग. थोडे पुढे कोचंगाडी भागात १५२० सालची चेंबिट्टा पळ्ळी. पळ्ळी म्हणजे मशीद. छतावर तांब्याचे पत्रे, म्हणून हे नाव. लाकडी कोरीव काम पाहून खाला बराच वेळ खांबापाशी उभ्या होत्या.

येथे एक व्यवहाराची सूचना. डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शुक्रवार-शनिवार. जहाज शुक्रवारी लागणार असेल तर जुम्याची नमाज मट्टनचेरीत पढा आणि उरलेला वेळ फोर्ट कोचीला द्या. चिनी पद्धतीची मासेमारीची मोठी जाळी तेथे किनाऱ्यावरून फुकट दिसतात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरले होते. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. १५०२ मध्ये याच माणसाने केरळच्या किनाऱ्याजवळ हाजींनी भरलेले जहाज जाळले होते. इतिहास हा असा दोन्ही बाजूंनी सांगावा लागतो, आणि गाईडला पैसे न देताही तो सांगता येतो. त्यासाठी निघण्यापूर्वी घरी दोन संध्याकाळी वाचन केलेले पुरते. आमच्या मोठ्या मुलीने वहीत चार पानांचे टिपण काढले होते. त्या दिवशीची गाईड तीच.

जेवणाचा प्रश्न कोचीत येत नाही. मट्टनचेरीत कच्छी मेमन आणि मापिल्ला मुस्लिमांची जुनी वस्ती आहे, तिथली बिर्याणी प्रसिद्ध आहे आणि हलालबद्दल विचारावेही लागत नाही. तरी हिशोबी माणसाने जहाजावर भरपेट नाश्ता करून उतरावे. तो तिकिटात धरलेलाच असतो.

फोर्ट कोचीत रिक्षावाले फार थोड्या पैशांत "सगळे शहर दाखवतो" म्हणतात. भाडे कमी असण्याचे कारण बहुधा असे की रिक्षा मधेच दोन-तीन मोठ्या दुकानांपुढे थांबते आणि तेथे त्याला कमिशन असते. वेळ आपला जातो आणि पर्स उघडते ती वेगळीच. बसण्यापूर्वीच सांगावे, "दुकान नको, भाडे योग्य घ्या."

गोवा: वाहन आधी ठरवा

आमच्या शाळेतील दोन सहकारी कुटुंबांसह मुंबई-गोवा-मुंबई ही छोटी सफर करून आले. त्यांचा अनुभव आणि आम्हाला असलेली माहिती अशी. गोव्यात जहाज मुरगावला लागते. ते मालवाहू बंदर आहे, आत मोकळेपणी पायी फिरता येत नाही. गेटपर्यंत जाण्याची काय सोय आहे हे जहाजावरच विचारून घ्यावे. बाहेर पडले की वास्को शहर जवळ, पण पणजी तीसेक किलोमीटर.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत आणि बंदराबाहेरच्या टॅक्सीवाल्यांचे दर ऐकून माणूस दचकतो. याला दोन उपाय आहेत. एक, गोवा माइल्स हे ॲप, ज्यात भाडे आधी दिसते. दुसरा, वास्को बसस्थानकावरून पणजीला जाणारी कदंबाची शटल बस. तिकीट काढून बसायचे, मधे थांबे नाहीत. पणजीहून जुन्या गोव्याला पुन्हा बस. बॉम जेझूस चर्चमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जुन्या गोव्यातील ही चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पणजीत मांडवीच्या काठावर आदिलशाही राजवाडा उभा आहे. पोर्तुगीज येण्याआधी हा मुलूख विजापूरकरांचा होता, त्याची ती खूण. ज्यांना वेळ आहे त्यांनी फोंड्याची सफा मशीदही पाहावी. १५६० साली आदिलशाहीत बांधलेली ही मशीद आणि तिच्या बाजूचा कमानींचा हौद पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे.

पण एका दिवसात पणजी, जुने गोवे, फोंडा आणि वर समुद्रकिनारा असे सगळे होत नाही. दोन ठिकाणे निवडावीत. लहान मुले असतील तर वास्कोजवळचे बोगमाळो आणि तेथील नौदलाचे विमान संग्रहालय एवढेच पुरे. ते सोमवारी बंद असते. जास्त ठिकाणे म्हणजे जास्त सहल, असे समजून धावणारे परत येतात तेव्हा त्यांना फक्त टॅक्सीची सीट आठवते.

लक्षद्वीप: येथे काटकसर नको

आतापर्यंत आम्ही स्वतः फिरा असे सांगत आलो. लक्षद्वीपबाबत उलट सांगणार आहोत.

तेथे मोठे जहाज बंदराला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटीने बेटावर नेतात. भर समुद्रात एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकावे लागते. बेटांवर जायला सरकारी परवाना लागतो, तो नसेल तर उतरता येत नाही. बेटावर टॅक्सीस्टँड नाही, बस नाही, भाव करायला दुसरा दुकानदार नाही. म्हणून तेथे जहाजाच्या व्यवस्थेनेच जावे. तेवढा खर्च आम्ही सुरुवातीपासून बाजूला काढून ठेवला होता.

अम्मींसाठी मात्र तेथेही विचार करावा लागला. हलत्या बोटीत उतरताना हात धरायला माणसे असतात, पण गुडघे साथ देत नसतील तर धोका कशाला? त्या स्वतःच म्हणाल्या, "तुम्ही जा, मी वरून पाहते." जहाजावरची गर्दी उतरून गेली की डेक शांत होतो. निळ्या पाण्यापुढे खुर्ची टाकून त्यांनी जोहर पढली, आणि जेवण तर तिकिटात होतेच. न उतरणे हीसुद्धा एक निवड आहे. प्रत्येक बंदरात प्रत्येकाने उतरलेच पाहिजे असा नियम नाही, आणि त्यातून एका माणसाच्या सहलीचे पैसे वाचतात.

लक्षद्वीपची वस्ती जवळजवळ सगळी मुस्लिम आहे. भाषा मल्याळम, फक्त मिनिकॉय बेटावर महल. आगत्तीला आम्ही उर्दूत बोललो, त्यांनी मल्याळममध्ये उत्तर दिले. दोघांना समजला तो फक्त सलाम, आणि त्यावर शहाळे हातात आले. पैसे देऊ केले तर आजोबांनी हात जोडले. तेथे कपडे साधे, अंगभर असावेत. बंगाराम सोडल्यास बेटांवर दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलणे गुन्हा आहे. मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

पाण्यातील खेळांबद्दल एक शब्द. स्नॉर्कलिंग असो, काचेच्या तळाची बोट असो, कोठेही सर्वांत स्वस्त कोण याची चौकशी करू नका. लाइफ जॅकेट आहे का, परवाना आहे का, सोबत माणूस आहे का, एवढेच विचारा. ज्या ठिकाणी पैसे वाचवताना जीव पणाला लागतो, तेथे वाचलेला पैसा पैसा नव्हे. मुलींसाठी अंगभर पोहण्याचा पोशाख घरूनच न्यावा. तेथे भाड्याने घेतला तर माप मिळत नाही आणि पैसेही जातात.

ज्यांना फक्त लक्षद्वीपच पाहायचे आहे त्यांना आणखी एक रस्ता माहीत असावा. लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' नावाची पर्यटन संस्था आहे. ती कोचीहून एम. व्ही. कवरत्ती या जहाजाने 'समुद्रम' ही पाच दिवसांची सहल चालवत आली आहे. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे, रात्री मुक्काम जहाजावर, दिवसा बेटावर. बेटावरचे फिरणे आणि दुपारचे जेवण पॅकेजमध्येच असते, म्हणजे किनारा-सहलीचा वेगळा खर्च नाही. झगमगाट नाही, कॅसिनो नाही, बार नाही. अनेक कुटुंबांना तेच हवे असते. कवरत्तीची सतराव्या शतकातील उजरा मशीद तिच्या कोरीव लाकडी छतासाठी प्रसिद्ध आहे, आणि मिनिकॉयला १८८५ सालचा दीपस्तंभ आहे. वेळापत्रक आणि दर दर हंगामाला बदलतात. ते संस्थेकडूनच घ्यावेत, मधल्या माणसाकडून नव्हे.

जहाज कोणासाठी थांबत नाही

स्वतः फिरण्यात एक मोठी जोखीम आहे आणि ती लपवून ठेवणे बरोबर नाही. जहाज कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा तिची वाट पाहते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर केलात तर ते निघून जाते. मग पुढच्या बंदरापर्यंत किंवा थेट घरापर्यंतचा खर्च तुमचा. दहा हजार वाचवायला गेलो आणि तीस हजार गेले, असे होऊ शकते.

म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावेत. जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ ही जहाज सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते. तीच वेळ धरायची. त्याच्याही दीड-दोन तास आधी बंदराकडे वळायचे. परदेशात जहाजावरचे घड्याळ आणि शहरातले घड्याळ यांत फरक असू शकतो, तेव्हा निदान एकाने तरी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. रोज केबिनमध्ये जो कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर बंदरातील एजंटचा फोन असेल तर त्याचा फोटो काढून घ्यावा. जहाजाचे कार्ड आणि आधार किंवा पासपोर्ट प्रत्येकाच्या स्वतःजवळ असावे, सगळ्यांचे एकाच पिशवीत नको. लांबचे ठिकाण आधी, जवळचे नंतर, म्हणजे परतीला आपण बंदराजवळच असतो.

शहर बंदरापासून फार लांब असेल, भाषा अजिबात समजत नसेल, सोबत वृद्ध किंवा आजारी माणूस असेल किंवा व्हिसाची अट असेल, तर सरळ जहाजाची सहल घ्यावी. तेथे आपण निव्वळ गाडीचे पैसे देत नाही, जबाबदारीचेही देतो.

निघण्यापूर्वी घरी करायची कामे

१. सफरीत किती बंदरे आहेत आणि कोणत्या वारी, ते कागदावर लिहा. प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी लिहा: शहर किती लांब, सार्वजनिक वाहन कोणते, त्या दिवशी काय बंद.

२. ज्या बंदरात सहल घ्यायचीच आहे तिचे आधीचे आणि जहाजावरचे दर दोन्ही विचारा. अनेकदा आधी आरक्षण केल्यास कमी पडते.

३. ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांनी एकाच सफरीचे आरक्षण केले तर एक मोठी गाडी सर्वांत वाटता येते. घरातून एकटे माणूस जात असेल तर केबिनच्या दुसऱ्या पलंगावर कोणाला नेता येईल याचा विचार करा.

४. हलाल जेवणाबद्दल तिकीट काढतानाच लेखी विचारा. जहाजावर चढल्यावर विचारून उपयोग नाही. नमाजेसाठी छोटी चटई आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ॲप जवळ असू द्या. जहाज दिशा बदलत असते.

५. पाण्याच्या बाटल्या, टोपी, सुका खाऊ, औषधे घरून न्या. परदेशात मात्र जहाजावरचे फळ किंवा शिजवलेले अन्न किनाऱ्यावर नेऊ नका, बऱ्याच देशांत त्यावर दंड आहे.

६. प्रत्येक बंदरासाठी रोख रकमेचे वेगळे पाकीट करा. पाकीट संपले की खरेदी संपली.

काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे, तसाच खर्च आणि इस्राफ यांतही. सफरीला गेलेल्या माणसाने प्रत्येक रुपयाला रडत बसावे असे आमचे म्हणणे नाही. अंथरूण पाहून पाय पसरा, एवढेच नव्हे, तर त्या अंथरुणात आणखी एकाला जागा होते का, तेही पाहा. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या नात्यात असे कोणी असतेच, ज्यांनी साऱ्यांसाठी आयुष्यभर सुई-दोरा चालवला, भाकरी भाजली, आणि ज्यांना कधी कोणी "चला" म्हटले नाही. एजंटच्या कागदावरील एक ऐच्छिक ओळ खोडली तर कधी कधी त्यांच्यासाठी तेवढी जागा निघते. पुढच्या वेळी कागद हातात आला की सही करण्याआधी पेन उचला आणि ती ओळ शोधा.